यकृतातील गाठींवर उष्णतेचा उपचार

‘रोग यकृतात पसरला आहे’ हे शब्द कानी पडताच रुग्णाचे नातेवाईक हातपाय गाळून बसतात. वैद्यकीय परिभाषेत ही कर्करोगाची चौथी अवस्था. मात्र मोठ्या आतड्याच्या कर्करोगात चौथी अवस्था म्हणजे अखेरची अवस्था असे नेहमीच म्हणता येत नाही. यकृतातील गाठी मोजक्या आणि लहान असतील, तर त्या शस्त्रक्रियेने काढता येतात किंवा उष्णतेने जागच्या जागी नष्ट करता येतात. या दुसऱ्या उपचाराला ‘थर्मल ॲब्लेशन’ असे नाव आहे.

यकृतच का?

मोठे आतडे व गुदाशयाच्या वरच्या भागातील रक्त प्रथम यकृतद्वार शिरेवाटे यकृताकडे जाते. मूळ गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी या रक्ताबरोबर वाहत येऊन यकृतात अडकतात व तेथे रुजतात. अशा गाठींना ‘दुय्यम गाठी’ म्हणतात. हा यकृताचा स्वतःचा कर्करोग नव्हे. पेशी आतड्याच्याच असतात आणि औषधेही त्यानुसारच ठरतात.

सुईच्या टोकावरची उष्णता

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने पाहत, बरगड्यांच्या खालून अथवा मधून एक लांब, बारीक सुई थेट गाठीत नेली जाते. ‘रेडिओफ्रीक्वेन्सी’ पद्धतीत या सुईतून उच्च वारंवारितेचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे पेशींतील विद्युतभारित कण वेगाने हालू लागतात आणि घर्षणातून उष्णता निर्माण होते. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशींतील प्रथिने साकळतात. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसाच हा प्रकार. तापमान १०० अंशांच्या पुढे गेल्यास मात्र ऊती कोळपतात आणि प्रवाह पुढे जाईनासा होतो. म्हणून ते या दोन मर्यादांमध्ये राखावे लागते.

उच्च वारंवारितेच्या प्रवाहाने शरीरातील ऊती तापतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी १८९१ मध्येच दाखवून दिले होते. सुईद्वारे यकृतातील ऊती नष्ट करण्याचे प्राण्यांवरील प्रयोग इटली व अमेरिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. पुढे ‘मायक्रोवेव्ह’ पद्धत आली. तीत पाण्याचे रेणू वेगाने फिरवून उष्णता निर्माण केली जाते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीचे तत्त्व हेच. या पद्धतीत ऊती लवकर तापतात आणि मोठा भाग नष्ट करता येतो. त्यामुळे अनेक केंद्रांत आता तिलाच पसंती दिली जाते.

मर्यादा कोणत्या?

गाठीचा आकार ही पहिली मर्यादा. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत उत्तम यश मिळते. आकार वाढत जातो तशी रोग त्याच जागी उलटण्याची शक्यताही वाढते. केवळ गाठ जाळून भागत नाही. तिच्याभोवतीचा निदान पाच मिलिमीटर, शक्यतो दहा मिलिमीटर रुंदीचा निरोगी भागही नष्ट व्हावा लागतो, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी याच कडेला दडलेल्या असतात.

दुसरी मर्यादा जागेची. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल, तर वाहते रक्त उष्णता ओढून घेते आणि वाहिनीलगतच्या पेशी वाचतात. मायक्रोवेव्ह पद्धतीत ही अडचण कमी भासते. मुख्य पित्तनलिकेजवळची गाठ जाळल्यास नलिकेला इजा होऊ शकते. गाठीला आतडे चिकटलेले असल्यास मध्ये द्रव सोडून ते बाजूला सारता येते.

शस्त्रक्रियेच्या मानाने हा उपचार सौम्य असला, तरी तो निर्धोक नाही. रक्तस्राव, यकृतात पू होणे, शेजारच्या अवयवाला भाजणे असे धोके थोड्या रुग्णांत संभवतात. उपचारानंतर काही दिवस बारीक ताप व थकवा राहणे मात्र सामान्य आहे. ताप वाढल्यास किंवा लांबल्यास डॉक्टरांना तातडीने कळवावे.

पुरावा काय सांगतो?

शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या गाठी असलेल्या ११९ रुग्णांवर युरोपात एक चाचणी झाली. तिचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांनंतर केवळ औषधोपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के, तर रेडिओफ्रीक्वेन्सीची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के रुग्ण हयात होते. चाचणी लहान होती आणि काही रुग्णांत शस्त्रक्रियेचीही मदत घेतली गेली होती, हे ध्यानात ठेवूनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

गाठी काढता येण्याजोग्या असतील, तर मात्र शस्त्रक्रियाच श्रेष्ठ, असे दीर्घकाळ मानले जाई. नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या ‘कोलिजन’ चाचणीने या समजुतीला धक्का दिला. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या २९६ रुग्णांत शस्त्रक्रिया व ॲब्लेशन यांची तुलना करण्यात आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. ॲब्लेशनच्या गटात गुंतागुंत मात्र कमी होती आणि रुग्ण लवकर घरी गेले. मोठ्या गाठींना हा निष्कर्ष लागू होत नाही.

काय विचारावे?

ॲब्लेशन हा एकूण उपचारांतील एक भाग आहे. यकृतात इतरत्र नव्या गाठी उद्भवू शकतात. म्हणून औषधोपचाराची गरज उरतेच आणि ठरावीक काळाने स्कॅनही करावे लागतात. गाठ पुन्हा दिसल्यास बऱ्याचदा हाच उपचार पुन्हा करता येतो.

यकृतात प्रसार आढळताच रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत. गाठी किती व केवढ्या आहेत? यकृताबाहेर रोग आहे काय? यकृताचे शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ आणि सुईद्वारे उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट या तिघांनी मिळून स्कॅन पाहिला आहे काय? हे प्रश्न उपचारांच्या आरंभीच विचारणे श्रेयस्कर, कारण औषधांनी लहान झालेल्या गाठी कधीकधी स्कॅनवर दिसेनाशा होतात आणि जी गाठ दिसत नाही तिच्यात सुई नेमकी नेणे कठीण असते. प्रत्येकाला या उपचाराचा लाभ होईलच असे नाही. मात्र ज्याला होऊ शकतो, तो केवळ विचारणा न झाल्यामुळे त्यापासून वंचित राहू नये.