आज्ञावलीची गुंतागुंत आणि तिची पुनर्रचना

लोखंडी पूल गंजतो, यंत्राच्या चाकांचे दाते झिजतात, पुस्तकाची पाने पिवळी पडून त्यांचे तुकडे होतात. संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतीत असे काहीच घडत नाही. वीस वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली आज उघडून पाहिली, तर तिच्यातील एकही अक्षर झिजलेले आढळणार नाही. असे असूनही तिची देखभाल करणारे लोक 'ती आता फार जुनी झाली', 'तिला हात लावण्याची सोय राहिली नाही' अशीच भाषा बोलतात. हे वार्धक्य नेमके कशाचे असते, ते मोजता येते काय आणि त्यावर उपाय केव्हा करावा, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी रचलेल्या 'ओएस/३६०' या कार्यप्रणालीच्या पुढे एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. लास्लो बेलाडी व मेअर लेहमन यांनी या आवृत्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे दिसून आले की, दर आवृत्तीगणिक प्रणालीच्या अधिकाधिक भागांना हात लावावा लागत होता. एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीचे पडसाद दूरवर उमटत होते. या निरीक्षणांतून लेहमन यांनी १९७४ मध्ये काही नियम मांडले. त्यांतील पहिल्याचा आशय असा की, वापरात असलेली आज्ञावली सतत बदलत राहावी लागते, कारण तिच्या भोवतीचे जग बदलत असते. दुसऱ्याचा आशय असा की, मुद्दाम प्रयत्न केला नाही, तर अशा प्रत्येक बदलाबरोबर तिची गुंतागुंत वाढत जाते. म्हणजे आज्ञावलीला म्हातारपण आणतो तो काळ नव्हे, तर तिच्यात होत गेलेल्या दुरुस्त्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या गुंतागुंतीचा त्रास यंत्राला होत नाही. संगणक सरळ आज्ञा आणि वेड्यावाकड्या आज्ञा सारख्याच निर्विकारपणे पाळतो. त्रास होतो तो उद्या ती आज्ञावली वाचून तिच्यात बदल करणाऱ्या माणसाला. तेव्हा गुंतागुंतीचे मोजमाप म्हणजे खरे पाहता वाचणाऱ्याच्या श्रमांचे मोजमाप होय, आणि म्हणूनच ते अवघड आहे.

ओळी मोजणे हा सर्वांत भाबडा उपाय. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या मॉरिस हॉल्स्टेड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आज्ञावलीतील क्रियाचिन्हे व राशी मोजून तिचे 'आकारमान' काढण्याची रीत सांगितली. तिचा बोलबाला पुढे फारसा राहिला नाही. टिकून राहिले ते टॉमस मॅककेब यांचे माप. डिसेंबर १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात त्यांनी ते मांडले आणि आजही बहुतेक तपासणी-साधने तेच प्रथम दाखवितात. त्याचे इंग्रजी नाव 'सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी'. 'चक्रीय जटिलता' असा प्रतिशब्द सहज घडविता येईल. परंतु तो वाचून वाचकाच्या डोळ्यांसमोर चाके येतील, आणि येथे प्रश्न आहे तो फाट्यांचा. म्हणून आपण त्याला सरळ 'मॅककेबचा अंक' म्हणू.

या मापाचे मूळ गणिताच्या आलेख-सिद्धांतात आहे. केनिग्सबर्ग नगरातील सात पूल, एकाही पुलावरून दुसऱ्यांदा न जाता, ओलांडता येतील काय, या कोड्याचा ऑयलरने १७३६ मध्ये निकाल लावला आणि बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या या शास्त्राला आरंभ झाला. मॅककेब यांनी आज्ञावलीचाच असा नकाशा काढला. आज्ञा म्हणजे बिंदू. एका आज्ञेवरून दुसरीकडे जाण्याची वाट म्हणजे रेषा. रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून दोन मिळविले की अंक तयार होतो. एवढा खटाटोपही करावा लागत नाही, कारण साध्या आज्ञावलीत हीच संख्या 'होय किंवा नाही' असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असते.

ओळखीचे उदाहरण घेऊ. रेल्वेच्या आरक्षित तिकिटाचे भाडे ठरविणारी एक लहानशी आज्ञावली आपल्याला लिहावयाची आहे, अशी कल्पना करा. नियम आपण सोयीसाठी थोडे सोपे करून घेऊ. प्रवासी पाच वर्षांखालील आहे काय? असल्यास भाडे नाही. नसल्यास, तो बारा वर्षांखालील आहे काय? असल्यास, त्याच्यासाठी स्वतंत्र बर्थ मागितला आहे काय? मागितला असेल तर पूर्ण भाडे, नसेल तर अर्धे. प्रश्न तीन झाले, अंक चार झाला. आता ज्येष्ठ नागरिकांची सवलत घालू: साठ वर्षांच्या पुरुषांना चाळीस टक्के, अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांना पन्नास टक्के. प्रवासी स्त्री आहे काय, हा एक प्रश्न आणि वयाचे दोन प्रश्न, असे तीन प्रश्न वाढले. अंक सात झाला.

मार्च २०२० मध्ये ही सवलत थांबविण्यात आली. नियम कमी झाला, तेव्हा अंकही उतरावयास हवा. परंतु घाईत असलेला आज्ञावलीकार काय करील? जुन्या तीन प्रश्नांना धक्का न लावता त्यांच्या वर तो आणखी एक प्रश्न बसवील: 'ही सवलत सध्या चालू आहे काय?' अंक आठ होईल. व्यवहारातील एक नियम नाहीसा झाला आणि आज्ञावली मात्र अधिक अवघड झाली. उद्या सवलत पुन्हा सुरू झालीच तर बरे, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण असे विचार दहा वर्षे साठत गेले, म्हणजे लेहमन यांचा दुसरा नियम प्रत्यक्षात कसा घडतो ते दिसते.

हा अंक नेमके काय सांगतो? परस्परांहून स्वतंत्र अशा वाटा किती आहेत, आणि म्हणून एका भागाची नीट परीक्षा करावयाची तर निदान किती वेगवेगळी उदाहरणे त्याला घालून पाहिली पाहिजेत, हे तो सांगतो. सर्व वाटांची संख्या तो सांगत नाही. एकापुढे एक असे दहा स्वतंत्र प्रश्न असतील, तर अंक अकरा येतो. पण त्यांच्या उत्तरांच्या जोड्या लावून होणाऱ्या वाटा १०२४ भरतात. मॅककेब यांनी एका भागासाठी दहा ही मर्यादा सुचविली, आणि या आकड्यात जादू काही नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या १९९६ च्या एका अहवालाने, पुरेशी तयारी असलेल्या गटांना यापलीकडे जाण्याची मुभा असावी, असे म्हटले. दुर्दैवाने अनेक कचेऱ्यांत हा दहाचा आकडा शाळेतील उत्तीर्णतेच्या गुणांसारखा वापरला जातो. अकरा आले की भागाचे दोन तुकडे करावयाचे, मग ते तुकडे एकमेकांवाचून वाचता येवोत अथवा न येवोत. अंक सुधारतो, वाचणाऱ्याचे श्रम तेवढेच राहतात.

या मापाच्या उणिवाही पुढे दाखविल्या गेल्या. मार्टिन शेपर्ड यांनी १९८८ मध्ये केलेल्या चिकित्सेत म्हटले आहे की, पुष्कळदा हा अंक ओळींच्या संख्येहून फारसे वेगळे काही सांगत नाही. दुसरी उणीव सामान्य वाचकालाही जाणवेल. महिन्याचा क्रमांक घेऊन त्याचे नाव सांगणाऱ्या भागात बारा फाटे असतात, तरी तो भाग दिनदर्शिकेइतका सोपा असतो. अशा सरळ यादीला सूट द्यावी, असे मॅककेब यांनीच सुचविले होते. उलट प्रश्नाच्या पोटात प्रश्न, त्याच्या पोटात आणखी एक, अशी चार पदरी रचना अंकाने पाच भरते, पण वाचणाऱ्याला घाम फोडते. अलीकडे काही साधनांत वापरली जाणारी 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' ही मोजणी अशा पदरांना वाढीव गुण लावते. वाचकाच्या श्रमांच्या ती अधिक जवळ जाते, असे माझे मत आहे.

आता उपायाकडे वळू. त्याला 'रीफॅक्टरिंग' असे नाव आहे. शालेय बीजगणितात आपण अवयव पाडतो: कख + कग याऐवजी क(ख + ग) असे लिहितो. राशीची किंमत बदलत नाही, रूप बदलते, आणि पुढचे गणित हलके होते. आज्ञावलीच्या बाह्य वर्तनात काडीचाही फरक पडू न देता तिची आतील मांडणी सुधारणे, हाच रीफॅक्टरिंगचा अर्थ होय. इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्ये या विषयावर प्रबंध लिहिला. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ग्रंथाने तो शब्द सर्वतोमुखी केला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्येच याला कर्जाची उपमा दिली. घाईने लिहिलेली आज्ञावली म्हणजे घेतलेले कर्ज. ते लवकर फेडले तर काम पुढे सरकते, न फेडले तर तिच्यावर खर्च होणारा प्रत्येक क्षण व्याजात जातो.

मात्र ही उपमा एका बाबतीत अपुरी पडते. सावकाराचे व्याज महिन्याच्या महिन्याला चढत असते. आज्ञावलीचे व्याज तिला हात लावावा लागेल त्याच दिवशी द्यावे लागते. चाळीस अंकाचा एखादा भाग आठ वर्षे कोणी उघडलेला नसेल आणि तो बिनचूक चालत असेल, तर त्याच्यावर व्याज शून्य आहे. तो सुधारावयास जाणे म्हणजे झोपलेल्या घरात उगाच भांडी वाजविणे. पंधरा अंकाचा दुसरा भाग दर आठवड्याला कोणीतरी बदलत असेल, तर खरा खर्च तेथे आहे. म्हणून मॅककेबच्या अंकाशेजारी दुसरी एक संख्या मांडली पाहिजे: गेल्या वर्षभरात हा भाग किती वेळा बदलला? ती मिळविण्यास कष्ट पडत नाहीत, कारण प्रत्येक बदलाची तारीख, करणाऱ्याचे नाव व कारण नोंदवून ठेवणारी 'गिट'सारखी साधने आज जवळजवळ सर्वत्र वापरात आहेत. जेथे दोन्ही संख्या मोठ्या, तेथून कामाला आरंभ करावा. आणि तोही नवा बदल दाराशी आलेला असताना, त्याच्या आधी. प्रथम जागा मोकळी करावयाची, मग नवे सामान आत आणावयाचे. दोन्ही कामे एकाच वेळी केली, तर काय बिघडले ते पुढे कळत नाही.

यालाही एक अट आहे. वर्तन बदलले नाही, हे केवळ विश्वासावर सांगता येत नाही. ते दाखविणाऱ्या चाचण्या आधी हाताशी असाव्या लागतात. ही अट पाळली नाही तर काय होते, त्याचे विदारक उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी घडले.

नाइट कॅपिटल ही तेथील मोठी दलाल कंपनी होती. ग्राहकाची मोठी मागणी घेऊन तिचे लहान तुकडे करून बाजारात पाठविणारी आज्ञावली तिच्याकडे होती. तीत 'पॉवर पेग' नावाचा एक जुना भाग होता. त्याचा वापर २००३ मध्ये थांबला. तो काढून मात्र टाकला नाही. मूळ मागणी पुरी झाली की तुकडे पाठविणे थांबवावे, यासाठी खरेदी-विक्री झालेले शेअर मोजत राहणारे एक फंक्शन त्याच्याबरोबर काम करीत असे. २००५ मध्ये कोणीतरी हे मोजणारे फंक्शन उचलून आज्ञावलीत अलीकडच्या टप्प्यावर नेले. वरवर पाहता हा मांडणीतील बदल होता. पॉवर पेग अजून नीट चालतो काय, हे त्यानंतर तपासले गेले नाही, कारण तो वापरात नव्हता. मोजणाराच दूर गेल्याने, चालू झालाच तर थांबावे केव्हा, हे आता त्याला कळणार नव्हते.

सात वर्षांनी बाजाराने किरकोळ ग्राहकांसाठी नवी योजना आणली. तिच्यासाठी लिहिलेल्या नव्या आज्ञावलीने पॉवर पेगची जागा घ्यावयाची होती, आणि पूर्वी पॉवर पेग सुरू करण्यासाठी वापरला जाणारा फ्लॅगच, म्हणजे चालू-बंद दाखविणारी खूणच, तिच्यासाठी पुन्हा उपयोगात आणली गेली. आठ संगणकांपैकी सातांवर ती बसविली. आठवा राहून गेला. बाजार उघडण्यापूर्वी 'पॉवर पेग बंद' असा दोष दाखविणारी ९७ स्वयंचलित पत्रे कंपनीतील लोकांना गेली होती, पण त्यांची दखल कोणी घेतली नाही. बाजार उघडताच आठव्या संगणकाला ती खूण दिसली आणि नऊ वर्षे निपचित पडलेला भाग जागा झाला. २१२ मागण्यांच्या पोटी त्याने सुमारे पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे चाळीस लाखांहून अधिक व्यवहार केले. घाबरून लोकांनी उरलेल्या सात संगणकांवरील नवी आज्ञावली काढली. तेव्हा त्या सातांवरही पॉवर पेग चालू झाला. नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या पुढे गेले.

मॅककेबच्या अंकाने यातले काहीच सांगितले नसते. तो एका भागाच्या आतील फाटे मोजतो; तो भाग कोणी वापरतो काय, त्याच्या पोटातले काय काढून कोठे नेले, हे त्याच्या नकाशात नसते. २००३ मध्ये पॉवर पेग काढून टाकण्यास फार तर काही दिवस लागले असते. २०१२ मध्ये, अपघातानंतर अवघ्या पाच दिवसांत, कंपनीला तगून राहण्यासाठी बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून ४० कोटी डॉलर घ्यावे लागले. जुलै २०१३ मध्ये ती गेट्को या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने या प्रकरणी १ कोटी २० लाख डॉलरांच्या दंडाचा आदेश काढला.