गावचं वाचनालय चालतं कसं? यवतमाळकरांनो, जरूर वाचा!

यवतमाळने दोन अखिल भारतीय साहित्य संमेलनं पाहिली. 1973 साली अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, 2019 साली अरुणा ढेरे. पण संमेलन तीन दिवसांचं असतं. पुस्तक वर्षभर हाती पडायचं तर गावात वाचनालय हवं.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. काही राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर लावतात, आपल्याकडे तो नाही. गावातली माणसं संस्था नोंदवून वाचनालय चालवतात आणि शासन मान्यता देऊन अनुदान देतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातलं वाचनालय बहुधा 'ड' वर्गातलं. 2022 च्या 60 टक्के वाढीनंतर त्याचं अनुदान वर्षाला 48,000 रुपये झालं. त्यातला निम्मा भाग पगाराचा, म्हणजे ग्रंथपालाला तेव्हा महिन्याला दोन हजार! पुस्तकं, पेपर, वीजबिल उरलेल्या निम्म्यात. तरी ही माणसं रोज कुलूप उघडतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सकाळी पेपर चाळणारे आजोबा, दुपारी पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं, खाकी कव्हरावर पेनाने लिहिलेला दाखल क्रमांक. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र बायांना दिवसा फुरसत नसते, म्हणून वाचनालय संध्याकाळी उघडं हवंच. झरी जामणी, मारेगावकडे कोलाम आदिवासींच्या पोडांवर पुस्तकांची पेटीच न्यायला हवी.

तुमच्या गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा. सभासद आणि पुस्तकं वाढली तरच वरचा वर्ग मिळतो. गावाचं नाव आणि वाचनालयाची वेळ कमेंटमध्ये लिहा, यादी करू.