झालंच समजा

रोह्याहून सकाळची गाडी सुटली की निडी, नागोठणे, कासू करत पेण येतं. गेल्या पावसाळ्यात या प्रवासात माझ्या हातात एकच पुस्तिका असायची, छोट्या टप्प्यांत काम करायच्या स्क्रम या पद्धतीची ‘स्क्रम गाइड’. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली, फुकट मिळणारी, जेमतेम चौदा पानांची. पेण यायच्या आत पहिलं वाचन संपलं आणि स्क्रमची परीक्षा म्हणजे हातचा मळ वाटली.

पीएसएम-वन या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात. एका प्रश्नाला ४५ सेकंद. पास व्हायला ८५ टक्के हवेत, म्हणजे ६८ प्रश्नांची उत्तरं बरोबर. सरावात मी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडखळत होतो. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक टप्पा, संपत आलाय, काम बहुतेक झालंय, टेस्टिंग तेवढं राहिलंय, मग ते टप्प्याअखेरच्या रिव्ह्यूत दाखवायचं का? माझं उत्तर दर वेळी ‘हो’. बरोबर उत्तर ‘नाही’. ‘डेफिनिशन ऑफ डन’मध्ये, म्हणजे ‘झालं’च्या व्याख्येत, न बसणारं काम इन्क्रिमेंटमध्ये, म्हणजे तयार कामात, धरत नाहीत, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, परत जातं.

मला हा नियम जाचक वाटायचा, कारण ‘झालंच समजा’ हे माझं नेहमीचं वाक्य. याच वाक्यावर मी एकदा ग्राहकाला तारीख दिली होती. उरलेल्या ‘थोड्याशा’ कामाला तीन आठवडे लागले आणि त्या माणसाचा माझ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच.

आषाढातल्या एका रविवारी घरचा गणपती ठरवायला पेणला एका कारखान्यात गेलो. एकीकडे शाडू साच्यात दाबणं चालू होतं, दुसरीकडे पॉलिश पेपर फिरत होता. मधल्या फळ्यांवर पितांबर, शेला, मुकुट रंगवून तयार मूर्तींच्या रांगा.

“काका, शंभरेक झाल्या की!”

“कुठं झाल्यात? झाल्यात त्या त्या कोपऱ्यातल्या, बावीस. बाकीच्यांच्या डोळ्यांची आखणी व्हायचीय.”

कोपऱ्यात एक बाई आखणी करत होत्या. डाव्या हाताने मूर्तीचा पाट धरलेला, उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली. बारीक ब्रश रंगात बुडवून त्यांनी टोक कडेला निथळवलं, श्वास रोखला आणि पापणीची रेघ एका दमात ओढली. मग बुबुळ. मातीच्या चेहऱ्याला नजर आली. ती येईपर्यंत काका मूर्ती मोजणीत धरत नव्हते.

परतताना गाडीत पुस्तिका पुन्हा उघडली. स्क्रम ज्यात मोडते त्या अजाइल विचाराचा जाहीरनामा आठवला. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी तो केला. त्याच्या १२ तत्त्वांतलं एक सांगतं की प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. हे मला पाठ होतं, पण पटलं त्या दिवशी.

परीक्षा रोह्यात घरीच, पहाटे पाचला दिली, लाइट जायच्या आत. सुरू केलेलं घड्याळ थांबत नाही. ‘काम अपुरं आहे, काय कराल?’ हा प्रश्न आला तेव्हा डोळ्यांसमोर आखणी राहिलेल्या मूर्तींच्या त्या फळ्या होत्या. ८०पैकी ७४ आले.

सोमवारी टीमसोबत बसून ‘झालं’ म्हणजे काय ते फळ्यावर लिहिलं: दुसऱ्याने तपासलं, टेस्टिंग पार पडलं, ग्राहक आज वापरू शकतो. पुढच्या रिव्ह्यूत सातपैकी चारच कामं दाखवली. उरलेल्या तिन्हींबद्दल विचारल्यावर म्हणालो, “झालेली नाहीत.” असं मी ग्राहकाला पहिल्यांदाच सांगत होतो.