निर्लेखित खुर्च्या

पॅरिसच्या किंवा न्यूयॉर्कच्या लिलावात चंडीगडची खुर्ची येते तेव्हा यादीत तिच्या पाठीमागच्या बाजूचा फोटो हमखास असतो. मागच्या लाकडी पट्टीवर ब्रशने, जरा वाकड्यातिकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं : विद्यापीठाच्या ग्रंथालयाची आद्याक्षरं, एखाद्या खात्याचं नाव आणि पुढे एक आकडा. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. जडवस्तू नोंदवहीतला तो क्रमांक. खुर्ची या खोलीतून त्या खोलीत जाऊन हरवू नये म्हणून कुणा कारकुनाने घालून घेतलेला. आज त्याच अक्षरांवरून खुर्ची अस्सल ठरते आणि तिचा भाव लाखांत जातो.

या खुर्चीची कहाणी फाळणीपासून सुरू होते. 1947 साली लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. चंडीगड या नव्या राजधानीचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. 1950 मध्ये विमान अपघातात नोविकी गेले आणि काम वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. त्यांनी सोबत आणलं आपल्या चुलतभावाला, पिएर जानरे यांना. दोघांनी 1922 पासून पॅरिसमध्ये एकत्र काम केलं होतं, शार्लोत पेरियाँ यांच्याबरोबर पोलादी नळ्यांचं गाजलेलं फर्निचरही केलं होतं आणि 1940 मध्ये ते वेगळे झाले होते. चंडीगडने त्यांना पुन्हा एकत्र आणलं. ल कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येत आणि परत जात. जानरे 1951 मध्ये आले ते 1965 पर्यंत तिथेच राहिले. याच कामावर आलेले वास्तुशिल्पी मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी तीन वर्षांनी निरोप घेतला. जानरे मात्र पंजाबी उन्हाळ्यात, सेक्टर 5 मधल्या स्वतः आखलेल्या घरात रमले. त्यांच्या हाताखालच्या भारतीय वास्तुशिल्पींत युली चौधरी, एम. एन. शर्मा, जीत मल्होत्रा, आदित्य प्रकाश होते, तसेच ए. आर. प्रभावळकरही होते. फर्निचरच्या बाबतीत युली चौधरींचा वाटा मोठा होता. लिलावाच्या यादीत मात्र बहुतेक वेळा एकट्या जानरेंचंच नाव छापलं जातं, आणि ते मला खटकतं.

शहर उभं राहत होतं तसतशा हजारो खुर्च्या, टेबलं, बाकं, पुस्तकांचे घोडे लागणार होते. उच्च न्यायालय 1955 मध्ये सुरू झालं, सचिवालय बांधलं जात होतं, लाहोरहून उठलेलं पंजाब विद्यापीठ सेक्टर 14 मध्ये स्थिरावत होतं. परदेशातून सामान मागवायला पैसा नव्हता आणि मागवायची गरजही नव्हती. लाकूड मिळत होतं, वेत मिळत होता, सुतार होते. साग निवडला, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि दमट हवेतही तो फारसा फुगत नाही. बैठकीला आणि पाठीला वेताची वीण घेतली, कारण तिच्यातून वारा खेळतो. मे महिन्यात चंडीगडमध्ये फोमच्या गादीवर आठ तास बसून बघावं, मग त्या विणीची किंमत कळते.

सगळ्यांत ओळखीचे आहेत त्या खुर्चीचे पाय. कंपासपेटीतलं कर्कटक उघडून टोकांवर उभं करावं, तसे दोन जाड तिरके पाय एका बाजूला, तसेच दोन दुसऱ्या बाजूला. वर आडवा हात. कुठेही कोरीवकाम नाही, वळवलेलं लाकूड नाही. रंधा, करवत आणि पटाशी हाताशी असलेल्या कुठल्याही सुताराला साधा आराखडा बघून ती करता यावी, हाच हिशेब होता. एकच एक कारखाना नव्हता. काम अनेक कारागिरांत वाटलं गेलं. म्हणून कुठे पाय थोडा जाड, कुठे पाठीचा कल थोडा निराळा. जगभर ज्याला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात त्यातलं बरंचसं फर्निचर कारखान्यातून एकसारखं निघालं. चंडीगडच्या खुर्चीवर सुताराचा हात दिसतो. त्या सुतारांची नावं मात्र कुठल्याच नोंदवहीत नाहीत. खुर्चीला क्रमांक मिळाला, करणाऱ्याला तोही मिळाला नाही.

जानरे आजारपणामुळे 1965 मध्ये परतले आणि 1967 मध्ये जिनिव्हात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे 1970 मध्ये त्यांच्या अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात सोडण्यात आल्या. त्यानंतर शहर त्यांच्या खुर्च्यांवर बसत राहिलं आणि त्यांना विसरत गेलं.

वेत तुटतो, तो पुन्हा विणावा लागतो. विणणारा शोधा, दरपत्रकं मागवा, मंजुरी घ्या, यापेक्षा नवी फिरती खुर्ची घेणं सोपं. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही हेच घडलं. जुन्या खुर्च्या आधी व्हरांड्यात, मग गच्चीवर, मग पावसात. शेवटी कागदावर एक शब्द येतो : निर्लेखन. त्या शब्दाखाली सही झाली की वस्तू भंगार होते. चंडीगडमध्ये त्या भंगाराचे ढीग लिलावात सरपणाच्या मोलाने गेले. त्यात कुणी चोरी केली असं नाही. सगळं नियमानुसार झालं, आणि म्हणूनच त्याची हळहळ जास्त वाटते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सहून व्यापारी येऊ लागले. एरिक तुशालोम, पात्रिक सेगां, फ्रांस्वा लाफानूर, फिलिप जूस ही त्यांतली नावं. त्यांनी ढिगात काय आहे ते ओळखलं, रीतसर बोली लावली, माल युरोपात नेला, दुरुस्त केला, त्यावर पुस्तकं काढली, प्रदर्शनं भरवली. आम्ही हे वाचवलं, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. पण वाचवलेली खुर्ची पुन्हा ग्रंथालयात आली नाही. ती बड्यांच्या जेवणघरात गेली. अमेरिकी कलावंत एमी सीगल यांनी 2013 मध्ये ‘प्रॉव्हेनन्स’ नावाचा चित्रपट केला. त्यात हा प्रवास उलटा दाखवला आहे : श्रीमंत घरांपासून लिलावगृहाकडे, तिथून दुरुस्तीच्या कारखान्याकडे, जहाजाकडे आणि शेवटी चंडीगडच्या कचेऱ्यांकडे. निवेदनाचा एक शब्द नाही. पुढे त्यांनी तो चित्रपटही लंडनच्या लिलावात विकायला ठेवला.

जाग आली ती उशिरा. फेब्रुवारी 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर एका समितीने मोजदाद केली तेव्हा 12,793 वस्तू यादीत आल्या. तरीही परदेशातले लिलाव थांबले नाहीत. 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं जुन्या वस्तूला संरक्षण देतो. या खुर्च्यांना अजून सत्तरच्या आसपासच झाली आहेत. चंडीगडचे वकील अजय जग्गा वर्षानुवर्षं दर लिलावाच्या वेळी सरकारला पत्रं लिहीत आले आहेत. 2016 मध्ये उच्च न्यायालय आणि सचिवालय असलेल्या कॅपिटॉल संकुलाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, पुढच्याच वर्षी जानरेंच्या घराचं संग्रहालय झालं. इमारती वाचल्या. त्यांच्या आतलं सामान मात्र जगभर विखुरलं.

आता बंगळुरूची ‘फँटम हँड्स’ ही कार्यशाळा तशाच खुर्च्या सुतारांकडून नव्याने घडवते, तर इटलीच्या ‘कासिना’ने 2019 मध्ये जानरेंच्या नावाने मालिका काढली. मला पहिलं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात वेत विणणारे आणि सांधे जुळवणारे हात पुन्हा कामाला लागले आहेत.

महाराष्ट्रातल्या जुन्या महाविद्यालयांत, नगर वाचनालयांत, जिल्हा कचेऱ्यांत अजूनही सागवानी टेबलं आणि वेताच्या खुर्च्या कुठेतरी धूळ खात आहेत. त्या कुणी आखल्या, कुणी घडवल्या, याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. तुम्ही अशा संस्थेच्या समितीवर असाल आणि निर्लेखनाची यादी तुमच्यासमोर सहीला आली, तर सही करण्याआधी एकदा गोदामात जाऊन या, खुर्ची उलटी करून पाठीमागे काय लिहिलंय ते वाचा, आणि फोटो काढून ठेवा.