कमरेची सुई : भुलीचे औषध कसे निवडतात?



मागच्या पालकसभेनंतर एका विद्यार्थ्याचे आजोबा माझ्याकडे थांबले. म्हणाले, "गुरुजी, सुनेचं सिझर करावं लागते म्हणतात. कमरेत सुई देणार आहेत. त्या सुईनं जन्मभर कंबर दुखते असं ऐकलं. पूर्ण बेशुद्धच करा, असं सांगू काय डॉक्टरला?"

मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न आपल्या भागात घरोघरी विचारला जातो. जामसांवलीहून सौंसर, छिंदवाडा किंवा नागपूरला ऑपरेशनसाठी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने याबाबत थोडे जाणून घ्यावे, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली फक्त नसांचे धागे एका स्वच्छ द्रवात तरंगत असतात. सुई याच खालच्या भागात, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांच्या मध्ये देतात. म्हणून मज्जारज्जूला सुई लागण्याची भीती फार कमी असते. औषध नसांना भिडले की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. आधी पाय गरम वाटतात, मग जड होतात. रुग्ण मात्र जागा असतो. सिझेरियनमध्ये आईला बाळाचे पहिले रडणे ऐकू येते, ते यामुळेच.

हा उपाय नवा नाही. १८९८ साली जर्मनीतील कील शहरात ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने कोकेन वापरून अशी भूल दिली. कोकेन विषारी आणि व्यसन लावणारे, म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी त्याहून सुरक्षित औषधे शोधली. आज भूलतज्ज्ञांकडे अशी अनेक औषधे आहेत आणि त्यांतून निवड करावी लागते. निवड करताना ते मुख्यतः तीन गोष्टी पाहतात : ऑपरेशन शरीराच्या कोणत्या भागाचे आहे, किती वेळ चालणार आहे, आणि रुग्णाची प्रकृती कशी आहे.

सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे ब्युपिव्हॅकेन. त्याचा परिणाम साधारण दोन ते तीन तास टिकतो. सिझेरियन, हर्निया, मांडीचे हाड मोडणे अशा कामांना तो पुरतो. औषध लागते फक्त दोन-तीन मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास. आपल्याकडे बहुधा त्याचा 'हेवी' प्रकार वापरतात. हेवी म्हणजे जास्त ताकदीचे, असा अनेकांचा समज असतो, पण तसे नाही. त्यात डेक्स्ट्रोज ही साखर मिसळलेली असते, त्यामुळे ते कण्यातील द्रवापेक्षा जड होते.

विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग घरी करून पाहा. काचेच्या पेल्यात साधे पाणी घ्या. साखरेच्या घट्ट पाकात थोडा रंग कालवून तो पेल्याच्या कडेने हळूच सोडा. रंगीत पाक तळाशी जाऊन बसेल. जड औषधही असेच खालच्या बाजूला सरकते. म्हणून सुई दिल्यावर भूलतज्ज्ञ रुग्णाला लगेच निजवतात, कुशीवर वळवतात किंवा टेबल थोडे तिरपे करतात. भूल कुठपर्यंत चढवायची हे त्यांना अशा रीतीने सांभाळता येते.

काम तासाभराचे असेल आणि रुग्णाला त्याच दिवशी घरी जायचे असेल, तर तीन तास पाय जड ठेवून काय उपयोग? पूर्वी अशा वेळी लिग्नोकेन देत. पण भूल उतरल्यावर काही रुग्णांच्या कुल्ल्यांत आणि पायांत काही दिवस दुखत राहते, असे १९९३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे या कामासाठी त्याचा वापर कमी होत गेला. आता लहान कामांसाठी क्लोरोप्रोकेन हे लवकर उतरणारे औषध मिळते. रोपिव्हॅकेन आणि लेव्होब्युपिव्हॅकेन हीदेखील या कुटुंबातील औषधे आहेत. थोडक्यात, सर्वांना एकच औषध उत्तम असे नसते. ज्याचे काम त्याला साजेसे औषध.

औषध निवडण्याइतकेच ते ओळखणे महत्त्वाचे. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची काचेची कुपी भुलीच्या औषधासारखी दिसते म्हणून चुकून तीच कमरेत दिली गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या, त्यांत मृत्यूही झाले. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल इशारा दिला. मुलांनो, प्रश्नपत्रिका नीट वाचा, असे आम्ही तुम्हाला का सांगतो, ते यावरून समजावे. वाचण्यात झालेली चूक कधी कधी गुणांपुरती राहत नाही.

आता कंबरदुखीबद्दल. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते. पण जन्मभराची कंबरदुखी या सुईमुळे लागते, असे संशोधनात आढळलेले नाही. बाळंतपणानंतर ही सुई न घेतलेल्या स्त्रियांचीही कंबर दुखते. गरोदरपणातील वजन आणि बाळाला सतत वाकून उचलणे ही त्याची कारणे असतात. काहींना सुईनंतर डोके दुखते. बारीक सुईमुळे हे प्रमाण कमी झाले आहे. डोके दुखले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सलाईन लावतात आणि रक्तदाब वारंवार मोजतात.

पालकांना माझी विनंती आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आधी कधी भुलीचा त्रास झाला असेल, पाठीवर फोड किंवा जखम असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा. उपाशी राहायला सांगितले असेल तर प्रसादाचा तुकडाही देऊ नका, कारण गरज पडल्यास रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करावे लागते आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. मारुतीरायापुढे नवस जरूर बोलावा, पण डॉक्टरांपासून काही लपवू नये.

त्या आजोबांशी बोलताना कळले की, सुनेच्या तपासणीत पूर्वी सिकलसेल निघाला होता आणि नव्या दवाखान्यात ते कुणी सांगितलेच नव्हते. आपल्या भागात हा आजार बराच आढळतो. अशा रुग्णाला थंडी वाजू न देणे, शरीरात पाणी आणि ऑक्सिजन कमी पडू न देणे, याची खास काळजी भूलतज्ज्ञ घेतात. पण त्यासाठी त्यांना आजार माहीत तर हवा! मी आजोबांना म्हटले, "कोणती भूल द्यायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही तो तपासणीचा कागद घेऊन आजच जा."

ते शाळेतूनच परस्पर दवाखान्याकडे निघाले.

आपला,
मुख्याध्यापक