डिस्ट्रो आणि अपडेटची रीत

लिनक्स हा मुळात फक्त गाभा, म्हणजे कर्नल. त्याभोवती फॉन्ट, ब्राउझर, ऑफिसची साधने रचून जी वापरण्याजोगी प्रणाली तयार होते तिला डिस्ट्रिब्यूशन, बोलण्यात डिस्ट्रो, म्हणतात. डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च ही त्यांतली ठळक नावे. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ही डेबियनवरच उभी आहे. पडद्यावर या सगळ्या सारख्या दिसू शकतात. खरा फरक कळतो तो अपडेटच्या वेळी.

हा फरक समजायला हुबळी-धारवाडचे उदाहरण घेऊ. हे कॉलेजांचे जोडशहर. हुबळीत के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तर धारवाडात 2016 पासून आयआयटी. अशा गावातल्या कोणत्याही संगणक प्रयोगशाळेची गरज साधी असते: सत्राच्या सुरुवातीला चाललेला प्रोग्रॅम परीक्षेच्या दिवशीही तसाच चालला पाहिजे. डेबियनची स्थिर आवृत्ती नेमकी ही हमी देते. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि मधल्या काळात सॉफ्टवेअरचे आवृत्ती-आकडे बहुतेक गोठलेले राहतात. मग सुरक्षेतली भोके कशी बुजतात? एप्रिल 2014 मध्ये इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी चूक सापडली. मूळ प्रकल्पाने 1.0.1जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियन 7 ने मात्र जुनी 1.0.1ई तशीच ठेवली, दुरुस्तीच्या मोजक्या ओळी तिच्यात बसवल्या आणि मागे ‘डेब7यू5’ अशी खूण जोडली. म्हणून नुसता मूळ आकडा पाहून ‘हे जुने, म्हणजे धोक्याचे’ असे ठरवणे चूक ठरते.

आर्चची रीत उलटी. तिथे आवृत्ती अशी नाहीच. सॉफ्टवेअर नवे झाले की थोड्याच दिवसांत ते वापरणाऱ्याकडे पोहोचते. अपडेट करायचे तर सगळे एकदम. अर्धेमुर्धे अपडेट आर्चला मान्य नाही. नव्याची हौस असलेल्याला हे आवडते, पण नवेपणाबरोबर नवी चूकही लवकर घरात येते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट घातल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच खटकले होते. त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा त्याने सोडला नाही, हे सगळ्यांचेच भाग्य. तोवर चोरवाट असलेली आवृत्ती आर्च, ओपनसुसे टम्बलवीड आणि डेबियनच्या चाचणी शाखांत पोहोचली होती. डेबियनची स्थिर शाखा त्यातून सुटली.

या दोन टोकांमध्ये फेडोरा आहे: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीला सुमारे 13 महिने आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळत राहणे. उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती, दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षे सांभाळली जाते. तिच्या नावातच वर्ष आणि महिना असतो; 24.04 म्हणजे एप्रिल 2024.

डेबियन-उबंटूत ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा फक्त उपलब्ध पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, यादी ताजी करते. पॅकेजे बसतात ती ‘अपग्रेड’ने. यादीवरची डिजिटल सही पडताळली जाते, त्यामुळे वाटेत कोणी फेरफार केला तर तो पकडला जातो. साठ संगणकांच्या प्रयोगशाळेत तेच पॅकेज साठ वेळा इंटरनेटवरून ओढण्याची गरज नाही. एका यंत्रावर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवले की पहिल्याने उतरवलेली प्रत बाकीच्यांना स्थानिक जाळ्यातूनच मिळते.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी तारीख एकच: आधार संपण्याची. ती उलटून गेली तरी संगणक बऱ्याचदा ‘सर्व पॅकेजे अद्ययावत आहेत’ असेच सांगत राहतो, कारण पॅकेजे जिथून येतात त्या भांडारात त्याच्यासाठी नवे काही येतच नसते.