एचएमटी धानाचा धडा

शेतकरी बंधूंनो, पऱ्हे टाकायच्या आधी बियाण्याची पिशवी घेताना आपण भाव विचारतो. ते वाण काढलं कोणी, हे मात्र विचारत नाही.

वाण काढणारे चार. केंद्र सरकारची संस्था, जसे १९४६ साली सुरू झालेले कटकचे भात संशोधन केंद्र. दुसरे कृषी विद्यापीठ. आपले अकोल्याचे १९६९ सालचे, त्याची धानाची केंद्रे साकोली व सिंदेवाहीला आहेत. तिसरी बियाणे कंपनी आणि चौथा शेतकरी.

संस्था व विद्यापीठाचे सुधारित वाण बहुधा सरळ असते, घरचे बी राखून पेरता येते. कंपनीचा भर संकरितावर. त्याचे बी राखले तर पुढच्या साली झाडे सारखी येत नाहीत, उतारा घटतो. म्हणून दरसाल नवी पिशवी घ्यावी लागते, आणि कंपनीचा पैसाही तिथेच लागतो.

आता चौथ्याचे पाहा. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे पेरून निवड केली. दाणा बारीक, उतारा चांगला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडले. १९९४ साली सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेले, १९९८ साली विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' वाण प्रसारित केले. शुद्धीकरण आम्ही केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. ते कामही लागतेच. पण मूळ निवड कोणाची, हा वाद राहिला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हाही घरची परिस्थिती हलाखीचीच होती.

दादाजींनी बी दिले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याचा आधार नव्हता. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो दिला. घरचे बी राखा, पेरा, अदलाबदल करा, विका. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. स्वतःचे वाण असेल तर नोंदणीला फी नाही.

तेव्हा अड्याळ भागातल्या बांधवांनो, बांधीत वेगळी लोंबी दिसली तर खूण करा, बी वेगळे राखा, कोणत्या धानात कोणत्या साली मिळाली ते वहीत लिहा. कोणालाही बी देताना लेखी पोच घ्या, मग नेणारा साहेब असो की व्यापारी.

सरपंच व ग्रामसेवकांनीही लक्षात ठेवावे: या अर्जाला गावच्या जैवविविधता समितीची शिफारस चालते. समिती नुसती कागदावर राहिली तर आपल्या गावचे बी दुसऱ्याच्या नावावर जायला वेळ लागणार नाही.